एका सीटचं हंटर, दोन सीटचं नाक: रेझिन कन्व्हर्जनचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हॉकर हंटर या ब्रिटिश लढाऊ जेटचं एक सीटचं मॉडेल करायचं तर किट उघडायचं आणि जोडायला लागायचं. पण शिक्षक आणि शिकाऊ वैमानिक शेजारी-शेजारी बसतात ते दोन सीटचं हंटर १:४८ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याच्या मापात, हवं असेल, तर गाडी बहुधा रेझिनच्या कन्व्हर्जन किटवर येते. एक सीटच्या प्लास्टिक किटचं नाक करवतीने कापायचं आणि त्या जागी रेझिनचं रुंद नाक बसवायचं.

हे प्रकरण अशाच एका मॉडेलचं आहे. ज्यांनी ते केलं त्यांना इथे 'क' म्हणू. प्लास्टिकच्या किटांवर त्यांचा हात चांगला बसलेला होता. रेझिनच्या सीटा आणि चाकंही त्यांनी वापरली होती, पण धड कापून जोडण्याची ही पहिलीच वेळ. त्यांचे एक जुने-जाणते मित्र 'ख' अधूनमधून काम बघायला येत. दोघांशी बोलून आणि कामाच्या टप्प्यांचे फोटो बघून हे लिहिलं आहे.

हातात दोन खोकी होती. एक हंटर एफ.६ या एक सीटच्या प्रकाराचं प्लास्टिक किट, दुसरं टी.७ या दोन सीटच्या प्रकारासाठीचं रेझिन किट. त्यात भरीव नाक, कॉकपिटचं टब, दोन सीटा, कॅनॉपीच्या, म्हणजे वैमानिकांवरच्या पारदर्शक झाकणाच्या, मागे पाठीवर उतरत जाणारा उंचवटा, पारदर्शक शीटवर व्हॅक्युमने ओढलेली कॅनॉपी आणि ब्रिटिश हवाई दलाच्या खुणांची डीकल्स, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रं. सूचनापत्रक एका पानाचं, तेही एकाच बाजूने छापलेलं. छोट्या उत्पादकांच्या रेझिन किटांत हे नेहमीचंच. प्लास्टिकचा धातूचा साचा महाग पडतो, तो हजारो नग निघणार असतील तरच परवडतो. रेझिन सिलिकॉन रबराच्या साच्यात ओततात. असा साचा काही डझन नगांनंतर थकतो, पण तो करायला स्वस्त, म्हणून दोन सीटच्या हंटरसारखी मोजक्या लोकांना हवी असलेली विमानं याच वाटेने येतात.

गंमत अशी की मॉडेलकार करवत घेऊन जे करतो, तेच हॉकरनेही केलं होतं. हंटरचं पुढचं धड वेगळं काढता येईल असंच बनवलेलं होतं. टी.७ चा मूळ नमुना ८ जुलै १९५५ रोजी उडाला, आणि पुढे टी.७ पैकी काही विमानं तर जुन्या एक सीटच्या एफ.४ ची पुढची बाजू बदलूनच तयार झाली.

अडचण

पहिली अडचण करवतीला हात लावायच्या आधीच निघाली, आणि ती नाकाची नव्हे, शेपटीची होती.

एफ.६ मध्ये रोल्स-रॉइस एव्हॉनचं २०० मालिकेतलं मोठं इंजिन होतं. टी.७ चं इंजिन आणि बाकी यंत्रणा मात्र एफ.४ च्या जातीच्या, म्हणजे १०० मालिकेतलं लहान एव्हॉन. त्यामुळे दोघांच्या शेपटीचा शेवट आणि जळालेला वायू बाहेर पडतो त्या तोंडाचा व्यास सारखा नाही. एफ.६ च्या धडावर टी.७ चं नाक चढवलं, तर पुढून टी.७ आणि मागून एफ.६ असं विमान होतं. सूचनापत्रकात याचा उल्लेखही नव्हता. क यांच्या लक्षात हे आलं ते मागून घेतलेले दोन फोटो शेजारी ठेवल्यावर.

दुसरी अडचण नाक कापून झाल्यावरची. रेझिनचं नाक गोंद न लावता धडाला टेकवून पाहिलं, तर पाठीकडून सपाट बसत होतं, पण दोन्ही कुशींना प्लास्टिक रेझिनच्या सुमारे अर्धा मिलिमीटर बाहेर येत होतं. शिवाय वरून बघितलं की नाक किंचित डावीकडे वळलेलं. १:४८ मध्ये अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर २४ मिलिमीटरची पायरी. आणि वळलेलं नाक तर रंग कितीही छान झाला तरी लपत नाही.

समोर असलेले पर्याय

शेपटीचा विचार आधी करू, कारण सगळं प्रकरण मला तिथेच ठरलेलं दिसतं.

एक मार्ग होता तो दुर्लक्षाचा. शोकेसमध्ये ठेवलेल्या मॉडेलच्या शेपटीचं तोंड कोण मोजतंय? बरेच जण हेच करतात आणि त्यात गैर काही नाही. पण क यांना फरक दिसून चुकला होता, आणि एकदा दिसलं की ते डोळ्यात खुपत राहतं. दुसरा मार्ग म्हणजे लहान शेपटीचा आणखी एक रेझिन भाग मागवायचा. म्हणजे दुसरा काप, दुसरा सांधा, आणि पहिल्याच कन्व्हर्जनमध्ये विमान दोन्ही टोकांनी उघडं.

तिसरा मार्ग ख यांनी सुचवला. 'विमानच बदल ना. टी.७ चा हट्ट कशाला? टी.६६ कर.' भारताने १९५७ मध्ये हंटर मागवली, त्यातली एक सीटची एफ.५६ आणि दोन सीटची टी.६६. १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईमुळे आपल्याकडे हंटर म्हटलं की एक सीटचंच डोळ्यांसमोर येतं, टी.६६ कडे फारसं कोणी बघत नाही. पण टी.६६ ला २०० मालिकेतलं मोठं एव्हॉन होतं, म्हणजे एफ.६ च्या किटची शेपूट तिथे जशीच्या तशी चालते. पंखाच्या पुढच्या कडेवरचा दात्यासारखा टप्पाही ताडून पाहिला. किटमध्ये होता, निवडलेल्या विमानाच्या फोटोतही होता.

त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागणार होती. टी.७ ला ३० मिलिमीटरची एकच एडन तोफ उजव्या बाजूला, टी.६६ ला दोन. म्हणजे रेझिन नाकाच्या डाव्या बाजूला तोफेचं तोंड नव्याने कोरणं आलं. आणि किटमधली डीकल्स वाया. क यांनी हा मार्ग घेतला. माझ्या मते निर्णय योग्यच होता. एक अख्खा सांधा टळला आणि बदल्यात एक भोक आणि एक चर एवढंच काम वाढलं.

आता नाकाची पायरी. इथे पर्याय सरळ नव्हते. प्लास्टिक घासून रेझिनच्या पातळीला आणायचं, तर कुशीची जाडी जेमतेम एक मिलिमीटर, त्यातलं अर्धं गेलं की भिंत कागदासारखी होणार आणि पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेघा, पुसल्या जाणार. रेझिनवर पुट्टी चढवून त्याला प्लास्टिकच्या पातळीला आणायचं, तर नाकाचा आकार लांबवर बदलत न्यावा लागणार, कारण पुट्टी जिथे संपते तिथे फुगवटा राहतो. धडाचे दोन अर्धे आत दाबून अरुंद करायचे, तर पाठ आणि पोट वर-खाली फुगणार. उत्पादकाकडून नाक बदलून घ्यायचं, तर त्याच थकलेल्या साच्यातून आणखी एक तसंच नाक येण्याची शक्यता.

क यांचा कल पुट्टीकडे होता. 'थांब जरा,' ख म्हणाले, 'आधी घरचं तपास, मग परक्याला नावं ठेव.' घरचं म्हणजे प्लास्टिकचं धड. नाक टेकवून पाहायच्या आधीच क यांनी हवा आत घेणाऱ्या वाटा आणि आतला आडवा पडदा चिकटवून टाकला होता. तो पडदा नेमका सांध्यामागे होता, आणि त्याच्या कडांवर साच्याची पातळ शीर राहून गेली होती. तिने दोन्ही अर्धे बाहेर ढकलले होते. पडदा सोडवून, कडा घासून पुन्हा बसवला, तेव्हा पायरी निम्म्याहून कमी झाली. जी उरली ती खरोखर रेझिनची. पॉलियुरेथेन रेझिन घट्ट होताना थोडं आकसतंच, आणि मास्टरवरून, म्हणजे मूळ नमुन्यावरून, साचा, साच्यातून नग असं होताना प्रत्येक टप्प्यावर माप थोडं निसटतं.

वळणाचं कारणही घरचंच निघालं. ओतताना नाकामागे राहिलेला रेझिनचा जाड ठोकळा करवतीने कापून काढावा लागतो. तो काप किंचित तिरका गेला होता. नाक ९० मिलिमीटर धरलं तर सांध्यावरचा एक अंश टोकाला दीड मिलिमीटर होतो.

प्रत्यक्ष काम

धुणं, घासणं, रेझिनची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून पाण्याखाली काम आणि तोंडाला मास्क, हे सगळं झालं. त्यावर वेळ घालवत नाही. एवढंच सांगतो की साच्यातून नग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने काढावाच लागतो. क यांनी तो काढला, पण एका जागी ब्रश पोचला नव्हता. त्याचा हिशेब पुढे आला.

धड कापताना क यांनी दोन्ही अर्धे वेगवेगळे कापले. सूचनापत्रकातल्या रेषेच्या एक मिलिमीटर पुढे करवत चालवली आणि उरलेलं घासत रेषेपर्यंत आणलं. ही सवय चांगली. करवतीच्या पात्याची जाडीसुद्धा माल खाते, आणि कमी कापलेलं घासता येतं, जास्त कापलेलं परत येत नाही. लांबीचा अंदाज खऱ्या विमानावरून घेतला. एफ.६ ची लांबी ४५ फूट १०.५ इंच, टी.७ ची ४८ फूट १०.५ इंच. फरक बरोबर तीन फुटांचा, म्हणजे १:४८ मध्ये १९ मिलिमीटर. कापलेलं प्लास्टिक नाक रेझिनच्या नाकाशेजारी ठेवून सांध्यापासून टोकापर्यंत मोजलं, तर फरक एवढाच यायला हवा. आला. याचा अर्थ कापायची रेषा तरी बरोबर होती.

रेझिनच्या सांध्याचा चेहरा सपाट करायला काचेवर पॉलिशपेपर चिकटवला आणि नाक उभं धरून इंग्रजी आठच्या आकारात फिरवलं. असं केलं की हाताचा दाब एकाच कडेला पडत नाही. तरी नाक पूर्ण सरळ आलं नाही. आणखी घासलं असतं तर लांबी गेली असती. म्हणून डाव्या बाजूला पाव मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटची पाचर घातली, म्हणजे टोक उजवीकडे सरकलं. तपासणी दोऱ्याने. उभ्या शेपटीच्या मुळाच्या मध्यापासून नाकाच्या टोकापर्यंत दोरा ताणला आणि तो पाठीच्या मधल्या जोडावरून जातो का ते पाहिलं.

आता गोंद. मॉडेलचा नेहमीचा प्लास्टिक गोंद किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळवून जोडतो, रेझिनवर त्याचं काही चालत नाही. मग सुपरग्लू किंवा एपॉक्सी. सुपरग्लूने सांधा क्षणात धरतो, पण चूक सुधारायला वेळ देत नाही, आणि धक्का बसला तर काचेसारखा तुटतो. इथे तर भरीव रेझिनचं नाक, म्हणजे सांध्यावर सतत लोंबतं वजन. क यांनी नाकात भोकं पाडून पितळी तारेच्या दोन खुंट्या बसवल्या, त्या आत घेण्यासाठी धडात प्लास्टिकचा जाड पडदा टाकला, आणि हळू सुकणारं एपॉक्सी वापरलं. सुकेपर्यंत दोरा ताणून पुन्हा पुन्हा पाहिलं. दोनदा नाक बोटाने हलवून सरळ करावं लागलं. सुपरग्लू असता तर ही संधी मिळाली नसती.

पाठीवरच्या उंचवट्याला वेगळी मेहनत लागली. त्याचाही इतिहास आहे. टी.७ च्या नमुन्यावर वेग वाढला की रुंद कॅनॉपीच्या मागे हवा बिनसायची, आवाज आणि कंप व्हायचा. कॅनॉपीमागच्या आच्छादनाचे वेगवेगळे आकार करून पाहिल्यावर ते थांबलं. म्हणून दोन सीटच्या हंटरची पाठ कॅनॉपीमागे एकदम पडत नाही, लांब ओघळत उतरते. मॉडेलवर याचा अर्थ असा की सांधा ही धडाभोवतीची साधी गोल रेघ नाही. वर तो एखाद्या जिभेसारखा प्लास्टिकच्या पाठीवर मागे सरकतो आणि त्याची कड शून्यावर संपावी लागते. ती रेझिनची पातळ कड क यांच्या हातून एका जागी तुटली. ती भरायला त्यांनी सुपरग्लूत टाल्कम पावडर कालवून लावली. हे मिश्रण लवकर घासलं तर रेझिनसारखंच घासलं जातं, रात्रभर ठेवलं तर दगड होतं आणि मग भोवतीचं प्लास्टिक खड्ड्यात जातं. तासाभरात घासलं, म्हणून निभावलं.

पॅनल लाइन पुन्हा कोरताना हाच कठीणपणाचा फरक आडवा आला. सुई प्लास्टिकवरून रेझिनवर, तिथून सुपरग्लूवर जाताना प्रत्येक वेळी घसरते. जाड टेपची पट्टी कडेला लावून, दाब न देता, हलक्या हाताने बरेच फेरे मारले तेव्हा रेघ सरळ आली.

डाव्या तोफेचं काम त्या मानाने सुखाचं. ३० मिलिमीटर नळीचा व्यास १:४८ मध्ये जेमतेम ०.६ मिलिमीटर. उजव्या बाजूच्या चराचा टेपवर ठसा काढला, टेप उलटी करून डावीकडे लावली आणि त्या आकाराच्या आत गोल कानसीने चर उतरवला.

कॅनॉपी पातळ व्हॅक्युम शीटची. कापण्याआधी आतून प्लॅस्टिसीन दाबून भरलं की शीट दबत नाही. नव्या पात्याने, एका फटक्यात न कापता, त्याच रेघेवर हळूहळू खोल जात कापायचं. क यांनी शेवटच्या कोपऱ्यात पातं वळवलं आणि केसासारखी चीर गेली. दुसरी कॅनॉपी किटमध्ये नव्हती. चीर चौकटीच्या पट्टीखाली गेली म्हणून वाचले. चिकटवायला पांढरा पीव्हीए गोंद वापरला. सुपरग्लूची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरं धुकं आणते आणि बंद कॅनॉपीत ते आतून पुसताही येत नाही.

निकाल

प्रायमरचा पहिला हात बसल्यावर सांधा उजव्या कुशीला दिसेनासा झाला, डाव्या कुशीला बारीक रेघ दिसली. ती भरून, घासून पुन्हा प्रायमर दिला. एकूण लांबी ३१० मिलिमीटर यायला हवी होती, अर्धा मिलिमीटर कमी भरली. सांध्याचा चेहरा सपाट करताना तेवढं गेलं असावं.

वजनाचा प्रश्न उलटाच निघाला. तीन पायांच्या जेटच्या नाकात सहसा शिसं भरावं लागतं, नाहीतर मॉडेल शेपटीवर बसतं. इथे भरीव रेझिनमुळे शिशाची गरजच पडली नाही. उलट किटचा प्लास्टिकचा पुढचा पाय वजनाने मागे झुकू लागला. तो काढून त्यात लांबीभर बारीक पितळी तार घालावी लागली. हे रंगानंतर लक्षात आलं, त्यामुळे चाकाच्या कप्प्याचा रंग पुन्हा करावा लागला.

तोफेच्या उजव्या चरात, म्हणजे ब्रश पोचला नव्हता तिथेच, मास्किंग टेप काढताना रंगाचा पापुद्रा प्रायमरसकट उचलला गेला. जागा लहान होती, भरून निघाली. आणि काही आठवड्यांनी डाव्या कुशीची ती रेघ परत हलकीशी उमटली. भरलेलं मटेरियल सुकत राहतं आणि मागाहून खाली बसतं. क यांनी ती तशीच ठेवली. तिरक्या प्रकाशातच दिसते, आणि त्यासाठी सगळा रंग उतरवणं त्यांना मान्य नव्हतं. ख यांना ते पटलं नाही. मला क यांचं बरोबर वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

विमानाचा निर्णय किट विकत घेण्याआधी व्हायला हवा होता. शेपटीचा फरक फोटोंत आधीपासून होता. टी.६६ करायचं आधी ठरलं असतं, तर त्याच विमानाची डीकल्स आणि जवळून घेतलेले फोटो पहिल्या दिवसापासून हाताशी असते, आणि डाव्या तोफेसाठी उजवीचा आरसा न वापरता खऱ्या फोटोवरून काम झालं असतं. दोन्ही बाजूंचे चर तंतोतंत सारखे असतातच असं धरून चालणं हा या मॉडेलमधला एकमेव भाग आहे जो अजूनही पडताळलेला नाही.

धडाच्या आत काहीही चिकटवण्याआधी नाक टेकवून पाहणं, हे दुसरं. क यांच्याकडे तेव्हा कारण होतं. आतला पडदा बसवल्याशिवाय धडाला आकारच राहत नव्हता. पण पडदा टेपने तात्पुरता धरता आला असता. पायरीचा मोठा भाग आपलाच आहे हे कळायला मध्ये बरेच दिवस गेले. त्या दिवसांत पुट्टी लावली असती, तर नाकाचा आकार कायमचा बिघडला असता आणि खरं कारण पुट्टीखाली गाडलं गेलं असतं.

ठोकळा कापायच्या बाबतीत दोघांचं मत वेगळं आहे. ख म्हणतात, तो करवतीने कापूच नये, पाण्याखाली पॉलिशपेपरवर घासूनच संपवावा, कितीही वेळ लागो. क म्हणतात, एवढा जाड ठोकळा घासायचा तर हात भरून येतात आणि थकलेला हातच तिरका घासतो. मधला मार्ग असा निघू शकतो: नाकाभोवती जाड टेप गुंडाळून करवतीला वाट द्यायची, चारही बाजूंनी थोडं थोडं कापत आत जायचं आणि शेवटचा मिलिमीटर काचेवर घासायचा.

पुढच्या पायात तार सुरुवातीलाच घालणं आणि कॅनॉपी दोन मिळतील असं बघणं, यावर मात्र दोघांचंही एकमत आहे. क यांनी पुढचं कन्व्हर्जन ठरवलं आहे, आणि या वेळी किट मागवण्याआधी त्या विमानाच्या शेपटीचे फोटो जमा करायला घेतले आहेत.